काटा, सावर्डे

नऊ पिना, दोन गंजलेल्या.
पणजीहून आणलेली डबी लावली,
एका अंगाला जुनी वायर, दुसऱ्या अंगाला नेट.
पडद्यावर नुसता कचरा :
चौकोन, प्रश्नचिन्हं, एक उलटा स्वल्पविराम.

कायतानबाब दारातूनच म्हणाला,
"सावकाश बोलतो रे तो. चोवीसशे."
खरंच, झाकणाच्या आत पेन्सिलीनं,
त्याच्याच अक्षरात,
मोडेम शिटी घालायचा त्या काळातलं.

वेग उतरवला.
आकडा आला. वीस किलो.

लगेच ऑफिसचा फोन : कुठला ट्रक?

ट्रक महिनाभर फिरकला नव्हता.
काट्याच्या तापल्या पत्र्यावर, आंब्याच्या सावलीपुरती,
कुत्री निजलेली.

"शून्य करू?" मी विचारलं.
त्यानं रिसीव्हर तळव्यानं झाकला.
"आसूं दी.
दिवस भरलेत तिचे."