जवारी

टॉर्चएवढं यंत्र. गेल्या महिन्यात आलं.
यार्डात पोत्याच्या तोंडाशी टेकवायचं,
बटण दाबायचं, तीन आकडे मोजायचे मनात,
की पडद्यावर उमटतं: कुरकुमिन इतकं, ओल इतकी.
वास नाही, धूळ नाही,
बोटाला डाग नाही.

माझ्या बोटांना सव्वीस वर्षांचा डाग आहे.
कुटायची, चाळायची, चौथ्या दशांशापर्यंत तोलायची,
अर्क उतरेस्तोवर उभं राहायचं,
एका नमुन्याला अर्धा दिवस.
माझ्या लग्नात मावशी म्हणालेली,
हिला कशाला लावताय हळद?

पुण्याहून आलेला अद्वैत झेंडे म्हणतो,
मॅडम, हे शिकलंय तुमच्याकडूनच.
फडताळातल्या चार हंगामांच्या अकराशे बाटल्या
त्यानं त्या न दिसणाऱ्या उजेडाला दाखवल्या,
आणि शेजारी माझ्या वहीतले आकडे.
माझ्या पोटात गोळा.
सासूबाई मिशन हॉस्पिटलात होत्या
त्या आठवड्यातले आकडे घाईचे होते.
तेही शिकलं असेल?
थोडं शिकलंच असणार, तो म्हणाला,
तुमचा हात जितका चुकतो तितकं हेही चुकणार.
तक्रार होती ती.
मी मात्र मिरजेच्या बसमध्ये
घरापर्यंत मिरवत नेली.

आलेख दाखव म्हटलं.
मला वाटलेलं, सुळके असतील टोकदार.
निघाले बोथट डोंगर, एकमेकांवर रेललेले,
दुपारच्या धुरकटात दंडोबा दिसतो तसे.
सगळ्यात जाडा पाण्याचा, बाकीचे त्याच्या पाठीमागे.
यात कुरकुमिन कुठाय रे?
एका जागी नाही, सगळीकडे थोडं थोडं.
त्यानं उतार काढला, मग उताराचा उतार,
भुकटीच्या जाडबारीकपणाची सावली पुसून टाकली.
हे मूळ कंपन नव्हे मॅडम, म्हणाला,
त्याचे वरचे स्वर आहेत.

हे मात्र मला कुणी सांगायला नको.
माझ्या भिंतीपलीकडे दस्तगीरचाचा
तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवतात,
केसभर, मग तार छेडतात,
तारेखालचा दोरा सरकवतात,
पुन्हा केसभर.
तार काय कुणीही लावील, म्हणतात,
तिच्या पोटात जे बोलतंय
ते मोकळं व्हायला पाहिजे.
रात्री अकरापर्यंत एकच षड्ज.
आमच्याकडे भांडी घासतानाही तो ऐकू येतो.

मंगळवारी हरिपूरचे मगदूम आले.
पुरातून वाचलेलं एक पेव उघडलं होतं त्यांनी,
कितव्या वर्षी, ते त्यांनाही नक्की सांगता येईना.
यंत्र टेकवलं.
आकडा नाही.
पडद्यावर नुसतं: ओळखीच्या बाहेर.
अडत्या हसला. मगदुमांनी टोपी काढून परत घातली.
मी अद्वैतला फोन लावला.
बरोबर आहे, तो म्हणाला, हे नव्यानं घातलंय त्यात,
कळलं नाही तर गप्प बसायचं.
जुनं यंत्र ठोकून काहीतरी सांगायचं.

मूठभर हळद घेऊन मी प्रयोगशाळेत गेले.
खलातून वास आला
मातीचा, कुजल्या उसाच्या पाल्याचा,
आणि त्याखाली, उशिरानं, हळदीचा.
अर्धा दिवस लागला.
आकडा वहीत लिहिला, दोनदा तपासला,
आज घरी कुणी आजारी नव्हतं.
बाटलीवर चिठ्ठी डकवली:
अकराशे एक.

बुधवारी सकाळी यंत्र सगळीच पोती नाकारायला लागलं.
बेळगावची, सेलमची, कालच पास झालेलीसुद्धा.
यार्डात कालवा. अद्वैत धावत आला,
बॅटरी बघितली, ऊन बघितलं,
शेवटी ती पांढरी चकती काढली
जिच्याकडे बघून ते रोज सकाळी
पांढरं म्हणजे काय ते आठवून घेतं.
तिच्यावर अंगठा उठला होता.
पिवळा.
कुणी काही बोललं नाही.
मी पदरानं पुसायला गेले
तर तो ओरडला, मॅडम, हात नका लावू.