विंचवाची नांगी

सर्व्हेच्या तिसऱ्या दिवशी टोलीवर पोचले.
खाटेवर मोहफुलं वाळत होती,
रायवंताबाई नन्नावरे त्यातला काडीकचरा वेचत होती.

"हात दाखवा, आजी."
"हात कायले पाह्यतं, पोरी?
रोवन्यात गेला, कापनीत गेला,
आता त्यात राह्यलं काय?"

डाव्या हातावर गोंदलेला विंचू,
हिरवट, कडा पसरलेल्या.
आणि नेमका नांगीवर
जुन्या आठ आण्याएवढा फिकट चट्टा.
त्यावर घाम नाही, लव नाही.

नागभीडच्या ट्रेनिंगला डॉक्टरांनी कांदा सोलला होता.
वरचा पापुद्रा उजेडात धरून म्हणाले, ही बाह्यत्वचा,
मेलेल्या पेशींची कौलं.
खालून नवी येतात, जुनी गळतात,
महिनाभरात छप्पर बदलतं.
(मी मनात हिशेब केला,
घरच्या केरात रोज मी किती असेन.)
त्याखाली अंतस्त्वचा:
घामाच्या विहिरी, केसांची मुळं, रक्ताचे पाट,
नसांची बारीक टोकं, सगळी जाग तिथली.
मग चरबी.
कांदा नंतर भज्यांत गेला.
गोंदण दुसऱ्या थरात बसतं, म्हणून ते गळत नाही,
हे त्यांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं होतं.

"डोळे मिटा. लागलं तिथं बोट ठेवा."
पेनाची रिफिल दंडावर टेकवली. तिने बोट ठेवलं.
मनगटावर. ठेवलं.
विंचवाच्या नांगीवर.
ती वाट बघत राहिली.
पुन्हा टेकवली. पुन्हा.
"सुरू नाई केलं का वो अजून?"

वहीत लिहिलं: चट्टा एक, संवेदना नाही.

डोळे मिटूनच ती बोलत होती,
"तीन सुया एका दोऱ्यात बांधल्या होत्या गोंदनारनीनं.
दिव्याची काजळी.
मायनं हात मांडीखाली दाबला,
मी तिच्या खांद्याले चावली.
शेपटी गोंदली तवा तं आईशप्पथ...
अजून झिनझिनते, आठवलं का."

तिथली नस कधीच गेलेली.
मग झिणझिणतं ते कुठल्या थरात?
तक्त्यावर त्याला बाण नव्हता.

गोळ्यांचं सांगितलं. सहा महिने, फुकट, बरं होतं.
"विंचू जाईन का?"
"नाही."
"मंग दे."
आणि मोहाची एक काडी उचलून
ती स्वतःच त्या नांगीला टोचू लागली,
हळू, मग जोरात,
दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तशी बघत.
मी काडी काढून घेतली.

रात्री लाइट गेलेली.
पोरीला म्हटलं, तनू, ही रिफिल घे,
माझ्या पाठीवर कुठंही टेकव, मी सांगते.
डोळे मिटले.
"डाव्या खांद्याखाली," मी म्हणाले.

तनू हसली,
"अजून टेकवलीच कुठं?"