लसूणघास

मार्गशीर्षात सारंगखेड्याला थंडी तापीतून वर येते,
पुलाखालून, ओल्या वाळूवरून,
आणि आधी घोड्यांच्या नाकपुड्यांत शिरते.
पहाटे चारला मी पेंढ्या रचतो.
दहाला एक जायची, आता तीस.
लसूणघास. नाव लसणाचं, वास मात्र नाही.
घोड्याला नावाशी काय करायचंय.

शहाद्याच्या वाचनालयात एक पुस्तक होतं,
वाळवीनं पोखरलेलं. त्यात तो भेटला,
हान बादशहाचा दूत.
नाव होतं तिथे भोक होतं.
शंभर माणसं घेऊन मावळतीकडे निघाला, दोस्त शोधायला,
आणि वाटेतच धरला गेला.
दहा वर्षं शत्रूच्या तंबूत.
बायको केली, पोर झालं,
पण दरबारानं दिलेली काठी हातची सोडली नाही.
टोकाला याकच्या शेपटीचे झुबके होते म्हणे,
ते झडले असतील.
मग पळाला, पोचला, त्या राजासमोर उभा राहिला.
राजा म्हणाला, जमीन चांगली आहे, आमचं बरं चाललंय,
आता भांडण नको.
एवढंच.
परतताना शंभरातले दोघं.

आमच्या सुपडू आप्पाला गावानं असंच धाडलं होतं.
पाटलाची पंचकल्याणी घोडी चोरीला गेली,
कोणी म्हणालं, काठेवाडात दिसली.
चाळीस रुपये, दशम्यांचं गाठोडं,
आणि खूण : डाव्या कानाला खाच.
अकरा महिन्यांनी आप्पा आला,
दाढी छातीपर्यंत, हातात लगाम नुसता.
सगळा पार गोळा झाला.
"घोडी कथी शे, आप्पा?"
"घोडी सुखमा शे," आप्पा म्हणाला.
"तिले पिलू व्हयनं."
पाटील मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही.
धोतराच्या सोग्यात एक गाठ होती,
ती त्यानं विहिरीच्या काठी सोडली.
बी मोहरीएवढं. तिसऱ्या दिवशी हिरवं.

त्या दूतानंही घोड्यांच्या मुलखातून हेच बी आणलं, म्हणतात.
म्हणतात. पुढची पानं वाळवीची.

एक पान मात्र शाबूत होतं.
परक्या बाजारात दूत फिरतोय,
आणि दुकानात त्याला दिसतात
त्याच्याच देशाच्या बांबूच्या काठ्या, त्याच्याच देशाचं कापड.
कुठून आणलं?
दुकानदार म्हणतो, हिंदुस्थानातून.

म्हणजे त्याच्या आधी कोणी चालून गेलं होतं.
शिक्का नाही, शंभर माणसं नाहीत,
डोक्यावर मोळी, पायाला भेगा,
बहुतेक मागची उधारी वसूल करायला.
दूतानं उघडली ती वाट
अशाच एखाद्यानं तुडवून ठेवलेली असावी,
आणि त्याच्या नावाला तर भोकसुद्धा नाही.

समोर रुमालाखाली दोन माणसांची बोटं बोलतायत.
नुकऱ्या वछेरीच्या गळ्यात दिव्यांची माळ लुकलुकते,
चिनी, दोनशेला.
माळवाला आणि मी एकाच बल्लीवरून वीज घेतो.

पगडीवाला एक सौदागर पेंढी उचलून हुंगतो.
"घास कहाँ का है?"
इथलाच, मी म्हणतो.
विहिरीकाठी आप्पा बसलेला असायचा,
वाफ्याशेजारी, त्याच कोरड्या लगामानं
माशा हाकत.
"दो देना," तो म्हणतो,
आणि नोट पुढे करतो, घामानं ओली.
त्याच्या की घोड्याच्या, कळत नाही.