कान

तीन भिंगं मांडलीत खिडकीत,
पितळी, लोणच्याच्या बरण्यांसारखी शेजारी शेजारी.
बाहेर पॅर्नूचा मार्च. खाडी अजून गोठलेली,
उजेड पाणी घातलेल्या दुधासारखा.

हिल्लर कधीचा खुर्चीत बसलाय, टोपी गुडघ्यावर.
तीस वर्षं किह्नू बेटाची बोट चालवली.
म्हणतो, स्वस्थ बसायची सवय नाही,
आणि हलत मात्र नाही.

पहिलं पेट्झवाल. हावरट.
उजेड घटाघटा पितं, सहा सेकंदांत मोकळं करतं;
पण नाक धारदार तर कान धुक्यात,
मागची भिंत गरगरायला लागते.

दुसरं सरळमार्गी,
काठापर्यंत खरं बोलतं, सुरकुतीन् सुरकुती मोजून देतं.
त्याला पंचवीस सेकंद लागतील आज,
आणि सत्तरीच्या मानेमागे लोखंडी टेकू.

तिसरं छापखान्यातलं, नवं, देखणं.
कोलोडियनला जे जांभळं टोक दिसतं
तेच त्याची जाड काच गिळते.
ते परत फडक्यात.

पेट्झवाल घेतलं.
त्यात एकच डोळा नीट येतो, मान वळवली तर.
"कुठला हवा?" मी सहज विचारलं.

"डावा काचेचा आहे," तो म्हणाला.
धक्क्यावर दोर तुटला होता,
हे त्यानं हवामान सांगावं तसं सांगितलं.

अकरा वर्षं शेजारी राहतेय मी.
दोन्ही निळे. दोन्ही सारखे.

तोंड सरळ कर म्हटलं,
दोन्ही डोळे भिंगापासून एकाच अंतरावर.
काळ्या कापडाखाली तो उलटा लटकलेला,
खुर्चीसकट, टोपीसकट,
आणि टोपी पडत नव्हती.

काच चांदीच्या पाण्यातून काढली,
टपटपती, ईथरच्या वासाची.
झाकण काढलं. सहा आकडे मोजले. झाकण लावलं.

मग ट्रेमध्ये दुधाळ निळसर पडदा हळूहळू विरला
आणि तो आला:
जिवंत निळा डोळा पांढराफटक, जवळजवळ रिकामा;
रंगवलेला निळा काळाभोर,
माझ्याकडे रोखून बघणारा.

माफी मागावी की काय, कळेना.
नळाखाली काच धरून उभी राहिले,
गरजेपेक्षा बराच वेळ.

त्यानं चष्मा लावून पाहिलं.
"बायको म्हणायची, ओळखूच येत नाही."
आणखी थोडं पाहिलं.

"दुसऱ्या भिंगातून घे एक," तो म्हणाला,
स्वतःच टेकू ओढत.
"त्यात कान तरी येतील.
ते दोन्ही माझेच आहेत."