तीन तोळे

बाहेर पंचेचाळीस.
जळगावात मे महिन्यात दुपारी दोनला
कुत्रीसुद्धा केळीच्या ट्रकखाली सावली धरून असतात.
आत, या पेटीत, सदतीस,
आणि ताटलीच्या तळाशी गुलाबी पाण्यात
चाळीस हजार पेशी.

तीन आठवड्यांपूर्वी ती आई होणार होती.
पिंजरा नऊ, शेपटीवर निळी खूण.
रजिस्टरात मी लिहिलं : वजन छत्तीस ग्रॅम,
पोटात आठ, सतरावा दिवस.
हात थोडा थांबला,
त्याला रकाना नव्हता.

आधी नुसत्या मोहऱ्या सांडल्यासारख्या.
मग एकेकीला धागा फुटला,
सरकीला चिकटून राहिलेल्या कापसाएवढा,
आणि धागा शेजारणीकडे निघाला
कोणी न सांगता.
चौदाव्या दिवशी दिव्याखाली एक चमकली,
मग तिसरी, मग सगळा बांधच.
मांजर न पाहिलेला मेंदू हा,
ज्वारीचा दाणा न चाखलेला.
एकमेकींना काय सांगत असतील?

त्यानंतर आजार आम्हीच देतो.
पिपेटीने, मोजून.
गुंतवळ झालेलं प्रथिन, थेंबभर.
आता वाट पाहायची,
धागे कुठून तुटायला लागतात त्याची.

गुरुवारी लाईट गेली.
जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं.
पेटीला ऊब देता येते, गारवा देता येत नाही,
हे मला पुस्तकातून ठाऊक होतं.
अडतीस. साडेअडतीस.
हिलालभाऊ शिपाई रसवंतीवरून बर्फ घेऊन आला,
गोणपाट ओलं केलं, पेटीभोवती लपेटलं,
आणि बाजूला उकिडवा बसला
बाळंतिणीच्या दाराशी बसावं तसा.
लाईट आली पाच वाजता.
निम्म्या गेल्या होत्या.
सर म्हणाले, ही ताटली धरता येणार नाही.
बरोबर आहे. आकडा खोटा निघेल.
तरी सोमवारी मी त्यांचं अर्धं पाणी बदललं.

रविवारी अमळनेरला गेले होते.
आप्पा एकतीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी.
काट्याची सुई थांबेपर्यंत श्वास धरणारा माणूस.
आता उजवा हात डाव्याने धरून बसतो,
बाजारात परकं पोर धरावं तसा.

"काय करी ऱ्हायनी तू तठे, हेमकला?"
सगळं सांगितलं. बर्फासकट.
"किती भरनी ती उंदरीन?"
छत्तीस ग्रॅम.
"म्हंजे तीन तोळा." मनात हिशेब, क्षणात.
"बराबर लिखं ना? मापमा पाप नको."
बरोबर लिहिलंय, आप्पा.
"माना हात करता गयी का ती?"

नाही म्हणाले.
तुमच्या हातापर्यंत हे पोचणार नाही.
कोणाच्या तरी. कदाचित. नाहीतर कोणाच्याच नाही.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग उठून डब्यातली ज्वारी घेतली,
दोन दाणे परत टाकले, एक पुन्हा उचलला.
"इतली," म्हणाले, आणि मूठ उघडून
माझ्यापुढे धरली.

तीन तोळे.
कापऱ्या तळहातावर दाणे थडथडत होते,
पांढरे, उबदार,
आतून काहीतरी श्वास घेत असल्यासारखे.
मी खाली ओंजळ धरली,
एकही सांडू नये म्हणून.