मजला कुठला?

टाकी बरोबर माझ्या डोक्यावर आहे.
रात्री अडीचला मोटर लागते,
छतातून पाणी चढताना ऐकू येतं मला,
आणि सकाळी माझ्याच बाथरूममध्ये
शॉवर लाळ गाळतो.

धायरीतल्या या इमारतीत
पाण्याच्या सर्वांत जवळ मी,
आणि सर्वांत कमी पाणी मला.
तळमजल्यावर गुर्जरबाईंकडे म्हणे
नळ सोडला की बादली जागची हलते.
"पाण्याला जोर उंचीवरून मिळतो, मॅडम,"
सेक्रेटरी म्हणाले,
"पण तो खाली राहणाऱ्याला."
हे त्यांनी इतकं गंभीरपणे सांगितलं
की मी आभार मानून वर आले.

मुलानं पाठवलेला शॉवर ताटाएवढा.
खोक्यावर एक बाई भिजत उभी,
चेहऱ्यावर थेट मोक्ष.
मी भोकं मोजली: एकशे बारा.
कडेच्या रांगा कोरड्या ठक्क.
मधल्या पंधरावीस भोकांतून एकेक थेंब,
तोही वरिष्ठांची सही घेऊन आल्यासारखा.
डोळ्यांत शाम्पू, आणि मी
थेंबांच्या मागे डावी-उजवी, डावी-उजवी.
शेवटी तांब्याच.

मग बोहरी आळी. अकराच्या आत,
हातगाड्या आडव्या यायच्या आधी.
जुझरभाईंनी ना किंमत सांगितली ना कंपनी.
विचारलं, "मजला कुठला?"
चौथा. शेवटचा.
"टाकी?"
डोक्यावर.
"किती वर?"
मी हात उंच करून दाखवला,
शाळेत जाणाऱ्या पोराची उंची दाखवतात तसा.
ते हसले नाहीत.
फळीवरून लिंबाएवढा पितळी शॉवर काढून
माझ्या तळहातावर ठेवला. जड होता.
चोवीस भोकं.
"ताई, पाणी आहे तेवढंच येणार.
फक्त त्याला इकडंतिकडं बघू द्यायचं नाही."
आणि पावती फाडता फाडता, आवाज खाली आणून:
"आत एक हिरवी चकती असते. पाणी वाचवायला.
ती काढा, असं मी सांगितलेलं नाही."

जुना निघेना.
आठ वर्षांचं बोअरचं पाणी आट्यांत दगड होऊन बसलेलं.
व्हिनेगरची पिशवी रबरानं बांधून
रात्रभर पाइपाला लटकवली,
सलाइन लावल्यासारखी.
सकाळी पान्याला फडकं गुंडाळून, स्टुलावर चढून,
एकदा देवाचं नाव, दुसऱ्यांदा दुसरंच काही,
आणि तो सुटला.
टेफ्लॉनची पट्टी दोनदा उलटी गुंडाळली,
दोनदा उकलली.
चकती क्रोशाच्या सुईनं निघाली,
शर्टाच्या बटणाएवढी,
एवढीशी, आणि केवढी शिस्तीची!

कॉक फिरवला.
आधी खोकला, मग गढूळ चूळ,
मग धार.

पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध,
जिथं आपला हात
वरूनही पोचत नाही, खालूनही नाही,
तिथं ती लागली.
सहा वर्षांत तिथं काहीच लागलं नव्हतं.
भिंतीला हात टेकून उभी राहिले बराच वेळ.
मग लक्षात आलं,
अंगावर गाऊन तसाच आहे,
आणि हातात पाना.

खाली फळ्यावर खडूनं लिहिलंय:
या महिन्यात टँकर एकवीस.
त्याच्या शेजारी कुणीतरी उद्गारचिन्ह काढलंय.
जिन्यात गुर्जरबाई विचारतात,
"वर येतं का हो पाणी?"
"येतं की," मी म्हणते, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेते.
मुलगा फोनवर विचारतो, कसा आहे शॉवर?
"मोठा आहे," मी सांगते.
खोटं काय त्यात.

चकती बटणांच्या डब्यात ठेवलीय, टाकवत नाही.
आता आकडे मोजत आंघोळ करते:
ऐंशीला बंद. साबण. पुन्हा ऐंशी.
काल एकशे चाळीस झाले.
मध्येच आकडा चुकला असणार,
असं मी धरून चालले आहे.