शेपटाची बांधी

आधी माउस गेला.
मग पावतीचा छोटा प्रिंटर, अर्धी पावती तोंडात धरून.
मग आंगठ्याचं यंत्र, ज्याच्यासाठी
पिपरटोल्यातल्या अकरा जोड चपला
सकाळपासून माझ्या ओसरीवर.

संगणक दर वेळी बोलतो.
काहीतरी जोडलं: चढता स्वर.
काहीतरी सुटलं: उतरता.
काय सुटलं, ते मात्र सांगत नाही.
माझ्या सहा वर्षांच्या कुंदाला आता दोन्ही ओळखू येतात;
भात जेवता जेवता ती आतून ओरडते,
"आई, गेलं!"

हब भावानं आणलेला, सीताबर्डीवरून,
एकशे ऐंशीला. चार तोंडं, एक निळा डोळा.
डोळा सदा पेटलेला.
डोळ्याचं काय जातंय पेटायला.

जे जे करतात ते केलं.
काढलं, फुंकलं, उलटवून घातलं.
वायर बदलली. बंद करून चालू केलं.
ड्रायव्हर पुसून पुन्हा टाकत होते
तर सत्तर टक्क्यांवर लाइन गेली.

खुर्चीच्या अगदी टोकावर अंजिराबाई वलथरे.
जाळ्याचा नायलॉन ओढून ओढून
गोट्यासारखा गुळगुळीत झालेला आंगठा
पदराला पुसते, केसांच्या तेलावर फिरवते,
काचेवर टेकवते.
लाल उजेड येतो. मरतो.
"माहाच आंगठा मेला असन, बाई,"
म्हणते, इतक्या सहज,
जशी कोणी सांगावी शेळी आटल्याची गोष्ट.

आणि मागल्या महिन्यात
मीच तिला हे सांगितलं होतं.
लिंबू चोळून ये म्हटलं होतं.
ती चोळून आली होती.

आज एकेक उपटत गेले.
कॅमेरा काढला. तसंच.
कीबोर्ड काढला. तसंच.
प्रिंटर काढला
आणि लाल उजेड थांबला, नुसता थांबला,
बगळा थांबतो तसा.
जोडला: फडफड.
काढला: स्थिर.
तीनदा केलं. खरं वाटेना म्हणून चौथ्यांदा.

हबच्या कुशीला एक गोल भोक आहे,
वेगळी वीज घ्यायचं. त्याचा ऍडॉप्टर
डब्यात कधी आलाच नव्हता.
दोन वर्षं मला वाटायचं
ते वाऱ्यासाठी असेल.

अंजिराबाईला म्हटलं, एकच वायर,
तिच्यातून येते थोडीशी वीज, चौघांत वाटायची.
हा पावतीवाला एकदम ओढतो, मग उरत नाही.
तिनं हबकडं पाहिलं, त्याच्या चारही तोंडांकडं.
"मंजे तुडुम उघडलं, वरच्यानं पानी अडवलं,
शेपटाची बांधी कोरडी."
"हो."
"अन आमी मनतो, बांधीच खराब."

मी टेबलाखाली शिरले.
डब्याच्या पाठीमागं धूळ, एक पालीचं अंडं,
आणि दोन रिकामी तोंडं, जिथं मी कधी हात घातला नव्हता.
त्यातल्या एकात यंत्राची वायर खोचली.
तुडुमाला लागून.

आंगठा. उजेड.
पडद्यावर गोल फिरत राहिला,
आम्ही दोघी श्वास धरून,
आणि आलं: अंजिरा सुखराम वलथरे.
तिनं आपलं नाव बघितलं नाही.
आंगठाच बघत बसली,
कोणी उसना नेऊन परत केल्यासारखा.

मी काही बोलणार होते.
लिंबाचं काहीतरी.
ती पैसे मोजत होती, तेव्हा राहिलं.

ओसरीवर झनकाबाई रांगेत
दोन्ही आंगठ्यांना लिंबाची फोड घासत उभी,
चिरा पडलेल्या, झोंबत असणार.
नको म्हणायला उठले
तोच मागून उतरता स्वर
आणि आतून, तोंडात घास ठेवूनच,
"आई, गेलं!"